तपकिरी फाक

त्या कार्यालयात कुणाला सर्दी झाली की बातमी अशी फिरायची: आज गॅस शिंकतोय. वीज बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी तात्पुरती दुसरी वीज आली होती. कोळसा दुपारच्या जेवणानंतर खुर्चीतच डुलक्या काढायचा, आणि तेलाचं कुणाशीच फारसं पटायचं नाही. पाच टेबलं, पाच इंधनं आणि पाच माणसं. आईबापांनी हौसेने ठेवलेली नावं पगाराच्या दिवसापुरती उरली होती.

काम सांगायला सोपं होतं. आपल्या विभागाने वर्षभरात किती ऊर्जा वापरली आणि ती कशाकशातून मिळवली ते मोजायचं, शेजारी शेजारी मांडायचं, आणि शेवटी त्याचं एक गोल चित्र काढायचं. चित्रात प्रत्येकाची एकेक फाक. कोळशाची काळी, तेलाची निळी, गॅसची पिवळी, विजेची लाल, लाकडाची तपकिरी. आता लाकूड किलोत, तेल लिटरमध्ये आणि वीज युनिटमध्ये. तुलना करायची तर सगळ्यांना एकाच मापात कोंबायला हवं. ते माप कोळशाचं होतं. एवढं लाकूड म्हणजे किती कोळसा, एवढा गॅस म्हणजे किती कोळसा. त्यामुळे कोळसाकाकांचं काम सगळ्यांत कमी आणि ऐट सगळ्यांत जास्त. त्यातून वीज तरी कशापासून होते, कोळशापासूनच ना, मग ती माझ्या खात्यात का धरत नाही, असं भांडण ते दरवर्षी एकदा उकरून काढायचे आणि दरवर्षी हरायचे.

या पाचांतली लाकूडबाई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, पायात नेहमी मजबूत बूट घालणारी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत ओझं टांगून तोलायचा आकड्याचा वजनकाटा. बाकीच्यांचे आकडे चालत घरी येत. गॅसला कंपनीतून फोन यायचा, विजेला मीटरवरून सगळं आयतं कळायचं, कोळसाकाकांना तर वखारवाला स्वतः येऊन सांगायचा आणि वर चहा पाजायचा. लाकडाला ना कंपनी ना मीटर. लाकूड कुणी रानातून आणतं, कुणी शेजाऱ्याकडून, कुणी मोडकी खुर्ची फोडून. ते मोजायचं तर उठून लोकांच्या घरी जायला हवं, आणि लाकूडबाई उठून लोकांच्या घरी जायची. ही गोष्ट ती इतक्या वेळा सांगायची, की ती बोलायला लागली की तेल उठून खिडकी उघडायला जायचं.

तिची पद्धत ठरलेली होती. वर्षानुवर्षं तीच घरं, कारण घर बदललं तर तुलना कशाची करणार? घरात जायचं, जळणाचा ढीग वजन करून घ्यायचा, त्याला सुतळी बांधायची आणि सांगायचं, उद्यापर्यंत यातूनच जाळा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत जायचं आणि उरलेलं तोलायचं. कमी झालं तेवढं जळलं. मग त्या एका घरावरून तशाच शेकडो घरांचा हिशेब मांडायचा. आणि जायच्या आठवडाभर आधी पोस्टाने कार्ड टाकायचं, हा तिचा स्वतःचा नियम. कुणाच्या घरी न सांगता टपकायचं, हे काय वळण झालं? कार्यालयात या नियमाचं कौतुक होतं. मोठ्या बाई, म्हणजे या पाचही इंधनांच्या वरिष्ठ, नव्या माणसाला तिचं उदाहरण द्यायच्या.

एकट्या तिच्या नवऱ्याला हा नियम पटत नसे. तो वायरमन होता. लोकांच्या घरची जोडणी तपासत फिरायचा. "सांगून गेलं की एकाही घरात वायर लोंबत नसते," तो म्हणायचा. "सगळीकडे कशी सुरेख पट्टी मारलेली. न सांगता गेलं की मग दिसतं, कोण इस्त्री कशावर लावतंय ते." ती म्हणायची, तुमचे लोक चोर आहेत, माझे तसे नाहीत. आपला तो बाब्या, दुसरं काय.

तर गेली काही वर्षं ही तपकिरी फाक बारीक होत चालली होती. आधी ती टरबुजाच्या फाकीएवढी होती, मग संत्र्याच्या, आणि गेल्या वर्षी तर नखाएवढी राहिली होती. कार्यालयाचा नियम असा, की एकूण ऊर्जेत ज्याचा वाटा शेकडा पाचाच्या खाली जाईल त्याला स्वतःची फाक नाही. त्याने 'इतर'मध्ये जायचं. इतर म्हणजे करड्या रंगाची एक फाक. त्यात शेणी, भुसा, उन्हावर तापवलेलं पाणी, जे कुठेच बसत नाही ते सगळं. गेल्या वर्षी लाकूड पाचाच्या काठावर कसंबसं बोटं रोवून लोंबकळत होतं. यंदा हात सुटला तर टेबल जाणार, आणि लाकूडबाई गॅसची मदतनीस होणार, हे मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून, दार लावून, फार मायेने सांगितलं होतं.

गॅस म्हणजे तिशीही न गाठलेला, केसांना तेल लावून येणारा हसरा मुलगा. कार्यालयात आला तेव्हा त्याला टन आणि किलो यांतला फरक लाकूडबाईने शिकवला होता. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याच्या हाताखाली बसायचं ही गोष्ट तिच्या नाकाला चांगलीच झोंबली होती. पण खरं दुखणं ते नव्हतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. इतरला भेटायला कुणी जात नाही. इतरचा अंदाज बांधतात, खुर्चीत बसून. म्हणजे तिचं फिरणं बंद. डोंगरावरच्या रस्त्याला जाणं बंद, तिथल्या माणसांच्या चुलीपुढे बसून चहा पिणं बंद. वर्षाकाठी त्या एका आठवड्यासाठी ती बाकीचे सगळे आठवडे काढायची.

आणि यंदा नवल घडलं. ती डोंगराच्या रस्त्यावरून परत आली, आकडे मांडले, कोळशाच्या मापात बसवले, दोनदा तपासले, आणि तपकिरी फाक वाढली होती. थोडीच, पण वाढली होती. शेकडा सहाला टेकली होती. लाकूडबाईने त्या दिवशी सगळ्यांसाठी बिस्किटं आणली. कोळसाकाकांनी चार खाल्ली आणि जुनं ते सोनं असं म्हणून डोळे मिटले.

गॅसनेही बिस्किट खाल्लं. खाता खाता तो दोन कागद शेजारी ठेवून बघत होता. एकीकडे डोंगराच्या रस्त्यावर गेलेले सिलिंडर, एकीकडे त्याच रस्त्यावर जळलेलं लाकूड. जरा वेळाने त्याने मान वर केली आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "ताई, वरची माणसं दिवसातून दोनदा स्वयंपाक करतात का हो? एकदा गॅसवर आणि मग पुन्हा लाकडावर?"

वीज फिस्सकन हसली. लाकूडबाई म्हणाली, डोंगरावरच्या हवेत भूक लागते. गॅस म्हणाला, लागत असेल, पण या हिशेबाने तिथल्या प्रत्येक माणसाने दुपारी एक आणि रात्री एक अशी दोन वासरं खायला हवीत. मग तर तेलसुद्धा हसलं, आणि तेल हसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अंतिम तक्ता पाठवायच्या आधी दोनचार घरं परत बघून घ्या, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

लाकूडबाई पेटली. रात्री नवऱ्यापुढे तिने गॅसचा पार उद्धार केला. काल आलेलं पोर, कधी बूट झिजवले नाहीत, कुणाच्या घरी पाणी प्यायला नाही, आणि माझ्या काट्याला खोटं पाडतं. नवऱ्याने विजेच्या शेगडीवर दूध गरम करत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढी खात्री आहे तर या वेळी कार्ड नको टाकूस. नुसती जा. तिला वाटलं, का नाही? बघू दे त्या पोराला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं करतात, पण रागाच्या भरात ते कुणाला सुचतं.

सकाळच्या पहिल्या गाडीने ती निघाली आणि शेवटच्या थांब्यावर उतरली. तिथून रस्ता डोंगराला वळसे घेत वर जायचा, आणि दोन्ही बाजूंना घरं, विटांची, पत्र्याची, काही रंगवलेली. पहिल्या वळणाला एकाही धुराड्यातून धूर नव्हता. ती मनाशी म्हणाली, न्याहारी उरकली असेल. दुसऱ्या वळणालाही धूर नव्हता. ती म्हणाली, वारा आहे, धूर पांगला असेल. तिसऱ्या वळणाला वारा पडला होता आणि आभाळ धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. तिथे तिला काही सुचेना, म्हणून ती भरभर चालायला लागली.

रस्त्याच्या टोकाला मधवाली मावशी राहायची. सत्तरीची, ताठ, घरामागे मधमाश्यांच्या पेट्या, आणि जिभेला मधाचा कधी स्पर्श झालेला नाही. लाकूडबाईचं हे सगळ्यांत आवडतं घर. दार उघडंच होतं. ती नेहमीच्या सवयीने थेट स्वयंपाकघरात गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

कोपऱ्यातल्या चुलीत, जिथे विस्तव असतो तिथे, पेंढा घालून एक लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती. बसून बरेच दिवस झाले असावेत, कारण तिने एक डोळा उघडून पाहुणीकडे पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवून परत मिटला. पलीकडे ओट्यावर गॅसची शेगडी, तिच्यावर किटली, आणि किटलीपुढे मावशी, फुटका कप पाठीमागे लपवणाऱ्या पोरासारखी हात मागे धरून उभी.

"कार्ड नाही टाकलंस?" मावशी म्हणाली.

"नाही."

"असं कसं गं? कळवून यावं माणसाने."

लाकूडबाई खाली बसली. तिने पिशवीतून काटा काढला नाही. मावशीनेही तिला काढायला सांगितलं नाही. किटली उकळली, चहा झाला, आणि चहाबरोबर मग एकेक गोष्ट बाहेर आली.

सिलिंडर या रस्त्यावर येऊन तीन वर्षं झाली होती. त्या पहिल्या वर्षी लाकूडबाई नेहमीसारखी आली, ढीग तोलला, सुतळी बांधली, गेली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर ढीग जसाच्या तसा, काटा जिथल्या तिथे. "तू बोलली काहीच नाहीस," मावशी म्हणाली. "छान झालं म्हणालीस, डोळ्यांचा त्रास वाचला म्हणालीस. पण तोंड असं उतरलं होतं तुझं, मला वाटलं हिच्या घरचं कुणीतरी गेलं. चहा न पिता निघालीस. रात्रभर मला झोप नाही." मग मावशीने रस्त्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं. बाईचं कार्ड आलं की चूल पेटवायची. दोन दिवसांचा तर प्रश्न. कोंबडी असेल तर कोंबडी उचलायची.

एवढ्यात खालच्या घरातला गवंडी आला. लाकूडबाईला वर जाताना पाहून त्याला घाम फुटला होता आणि तो आडवाटेने धावत आला होता, मावशीला सावध करायला. आता उशीर झाला म्हटल्यावर तोही चहाला बसला. रस्त्यावरचे सगळे व्यवहार तोच बघायचा, त्यामुळे पुढचं त्याने सांगितलं.

"गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता ना ताई, पाचाच्या खाली गेलं की माझं टेबल गेलं म्हणून. मग आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं."

"काय ठरवलं?"

"पाचाच्या खाली जाऊ द्यायचं नाही."

नुसत्या स्वयंपाकाने आकडा वाढेना, तेव्हा यंदा त्यांनी सुतळी बांधलेले ढीग संध्याकाळी गवंड्याच्या अंगणात आणून मोठा जाळ केला होता. अख्खा रस्ता भोवती शेकत बसला. कुणी बटाटे आणले, निखाऱ्यात घातले. सांडपाण्यावरून ज्या दोन घरांत बोलचाल बंद होती त्यांनी एकमेकांना मीठ दिलं. गवंडी सांगता सांगता इतका रंगला, की आपण काय कबूल करतोय हे विसरला आणि म्हणाला, दर महिन्याला याल का ताई? फार मजा आली.

लाकूडबाईला भयंकर लाज वाटत होती. ज्या फाकीसाठी ती तीन वर्षं कार्यालयात भांडत होती ती लाकडाची नव्हतीच. ती तिची होती. या माणसांना तिची दया आली होती, आणि तिने ती दया तोलून, कोळशाच्या मापात बसवून, तपकिरी रंग देऊन वर पाठवली होती. आणि लाज वाटत असतानाच तिला असंही वाटत होतं, की आपल्यावर इतका जीव आजवर कुणी लावला नाही.

"खोटं केलंत तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

मावशी काही अशी ऐकून घेणारी नव्हती. "खोटं कुठलं? तू विचारतेस किती जाळलं. तेवढं जाळलं. काट्याला विचार. कशासाठी जाळलं हे तू कधी विचारलंस का?" मग तिने कप खाली ठेवला. "आणि मला एक सांग. तुझ्या घरी कशावर शिजतं?"

लाकूडबाईने कप तोंडाला लावला. गवंडी उत्सुकतेने पुढे सरकला.

"विजेवर," ती म्हणाली.

दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान. गवंडी हसता हसता ठसकला, त्याच्या पाठीत मावशीने दोन धपके मारले, आणि चुलीतली कोंबडी त्रासून अंड्यांवर नीट बसली.

परतीच्या गाडीत मावशीचं म्हणणं तिच्या डोक्यातून जाईना. खरंच, काट्यात काय खोट होती? लाकूड होतं, ते जळलं, ते तोललं. तक्त्यात 'कशासाठी' असा रकानाच नव्हता. गप्प बसलं तर टेबल राहतं, फाक राहते, डोंगर राहतो, आणि गॅसचं तोंड बंद होतं ते वेगळंच. कुणाचं काय बिघडतं? घर येईपर्यंत तिने स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. गोष्ट कोंबडीपाशी आल्यावर तो इतका हसला, की हातातली पक्कड खाली ठेवावी लागली. हसणं ओसरल्यावर त्याने विचारलं, मग काय लिहिणार? ती म्हणाली, तुम्ही सांगा. तो म्हणाला, मी वायरमन, मला लाकडातलं काय कळतं, आणि शेगडीकडे वळला. हा माणूस एरवी सल्ले द्यायला कधी दमायचा नाही. आज नेमका गप्प बसला, आणि ते तिला जास्त लागलं.

रात्रभर तिला ते चित्र दिसत राहिलं. चित्र काही भिंतीवर लावायला काढत नव्हते. तपकिरी फाक बघून वरचे लोक ठरवायचे, की जळणासाठी रानाचा किती पट्टा तोडीला मोकळा करायचा. लोकांना एवढं लाकूड लागतं म्हटल्यावर तेवढं द्यायला हवं. आणि डोंगराच्या रस्त्यावरचं एक घर म्हणजे तिच्या हिशेबात विभागातली तसलीच शेकडो घरं. गवंड्याच्या अंगणातला तो एक जाळ तिच्या तक्त्यात शेकडो अंगणांत पेटला होता, जिथे प्रत्यक्षात कुणी बटाटा भाजला नव्हता, की कुणाचं भांडण मिटलं नव्हतं. त्या जाळासाठी झाडं मात्र खरी तुटणार होती. आणि जवळचं रान म्हणजे मावशीच्या घरामागचंच, जिथे तिच्या माश्या जातात. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे ज्यांचं जळणार होतं त्यांनीच हसत हसत काडी लावली होती, आणि लावली होती तिच्यासाठी.

पुढचा आठवडाभर ती फिरली, दुसऱ्या घरांत, दुसऱ्या रस्त्यांवर, कार्ड न टाकता. काही ठिकाणी खरंच चुली पेटलेल्या होत्या. तिथे तिने आनंदाने तोललं. बऱ्याच ठिकाणी चुलीत चपला होत्या, कांदे होते, एका घरात पोराची पतंगाची फिरकी होती. शेवटी बेरीज करून ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि या वेळी दार उघडंच ठेवलं, म्हणजे बाहेर सगळ्यांना एकदाच ऐकू जावं.

तिने लोकांची नावं घेतली नाहीत. मी कळवून जात होते, ती म्हणाली, आणि माणसं भली आहेत. पाहुणीला काय आवडतं ते पुढे ठेवतात. मोजायला मी असं कळवून जायचे, तेच चुकलं. लाकूड शेकडा साडेतीन आहे. डोंगराच्या रस्त्याचा गॅसचा आकडा बरोबर आहे.

बाहेर कोळसाकाका डोळे न उघडता म्हणाले, म्हणजे आज लाकूड विझलं. वीज म्हणाली, असं काय बोलता हो. लाकूडबाई बाहेर येत म्हणाली, बरोबरच बोलले, राख करडीच असते. आणि तिने आपली पिशवी उचलून गॅसच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर ठेवली.

गॅसने तक्त्यावरून मान वर केली नाही. जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं असू नये. तो हळूच म्हणाला, "ताई, मी नुसतं चेष्टेत विचारलं होतं."

"चेष्टेतच विचारतात रे खरं ते," ती म्हणाली. "सरक जरा, मला पाय ठेवायला जागा कर."

वर्षभर ती गॅसची मदतनीस होती. वाईट काही नव्हतं. तो तिला टेबलाची खिडकीकडची बाजू द्यायचा आणि फोन आला की आधी तिच्याकडे बघायचा, घ्यायचा का म्हणून. नव्या चित्रात तपकिरी रंग नव्हता. रानाचा पट्टा मोकळा करायची गोष्ट वरच्या लोकांनी बाजूला ठेवली. इतरचा अंदाज तिने खुर्चीत बसून बांधला, तिच्या मते बराच नेमका, आणि कुणी तो वाचला नाही. पायातले बूट नवेच्या नवे राहिले.

मग तो आठवडा आला, ज्यात ती दरवर्षी डोंगरावर जायची. तिने रजा टाकली. मावशीला कार्ड लिहिलं, या वेळी पदरच्या पैशांनी: भेटायला येतेय. काटा आणणार नाही. चूल पेटवू नका. शेवटच्या वाक्याखाली तिने दोन रेघा मारल्या, कारण त्या माणसांचा भरवसा नव्हता.

गाडीत ती स्वतःला समजावत होती, की धूर दिसणार नाही, आणि दिसू नये हेच बरं. पहिल्या वळणाला धूर नव्हता. दुसऱ्या वळणालाही नव्हता. शहाणी माणसं, ती मनाशी म्हणाली, सांगितलेलं ऐकतात. गवंड्याने अंगणातून हात केला. ज्या दोन घरांत बोलचाल सुरू झाली होती ती सांडपाण्यावरून पुन्हा बंद झाली होती, असं त्याने थोडं सोबत चालता चालता सांगितलं. रस्त्याच्या टोकाला मावशी दारात उभी होती, तशीच ताठ.

स्वयंपाकघरात किटली गॅसवर होती. चुलीत पेंढा, पेंढ्यावर तीच लाल कोंबडी, या वर्षीच्या अंड्यांवर. लाकूडबाई बसली. ती म्हणाली, छान झालं. ती म्हणाली, कसं स्वच्छ वाटतं, डोळ्यांना त्रास नाही, भिंतसुद्धा काळी होत नाही. ती म्हणाली, गॅसची ज्योत किती एकसारखी असते, नाही का? सगळं तिने हसत हसत म्हटलं आणि एकदाही चुलीकडे पाहिलं नाही.

मावशीने किटलीखालचा गॅस बंद केला, पाहुणीच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, औषधाची बाटली उजेडात धरून बघतात तसं.

"उतरलंच शेवटी," ती म्हणाली.

मग ती चुलीकडे गेली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी कोंबडीला अंड्यांसकट, पेंढ्यासकट उचलून टोपलीत ठेवलं. कोंबडीने फार मोठा निषेध केला. "ओरडू नकोस," मावशी तिला म्हणाली, "दोन तासांचा तर प्रश्न." तिने कोपऱ्यातून चार सुकी लाकडं ओढून चुलीत घातली आणि फुंकणी लाकूडबाईच्या हातात दिली.

"घे. इतकी वर्षं नुसतं तोलत आलीस. पेटवता येतं का बघू."

तिला येत नव्हतं. पेटायला बराच वेळ लागला. धूर तिच्या नाकात गेला, डोळ्यांत गेला, आणि डोळे पुसायला तिला त्यामुळे चांगलं निमित्त मिळालं. बाहेरून गवंड्याने ओरडून विचारलं, बटाटे आणू का. किती लाकूड लागलं ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही.